गिरणी बंद, आखाडा सुरू

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी पलासिया चौकात राजवाड्याकडे जाणारी रिक्षा मिळाली तर नशीब समजावे. ‘उधर सब बंद है, भिया,’ असे सांगून रिक्षावाला मोकळा होतो. एरवी हा इंदूरचा सर्वांत चकचकीत भाग. मधून आग्रा-मुंबई रस्ता, दोन्ही बाजूंना दवाखाने, कचेऱ्या, कपड्यांची मोठी दुकाने आणि जवळच खवय्यांचे ‘छप्पन दुकान’. जुना पलासिया आणि नवा पलासिया ही नावे तेवढी गावाची राहिली, शेत कधीचे गेले. त्या रात्री मात्र इथली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे पोराबाळांसह जुन्या शहराकडे निघतात. जेल रोड, महात्मा गांधी मार्ग, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, खजुरी बाजार, राजवाडा असा तो मिरवणुकीचा पट्टा. ओट्यांवर, गच्च्यांवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे दाटीने बसतात आणि पहाटेपर्यंत उठत नाहीत.

पाहायचे काय, तर झांक्या. दिव्यांनी लखलखणारे, हलत्या मूर्तींचे चित्ररथ. त्यांच्या मागेपुढे चालतात आखाडे. लाठी, बनेठी, तलवार, पट्टा फिरवणारी पोरे-पोरी, त्यांच्या कडेने ढोल-ताशा आणि समोर तोंडात शिट्टी धरलेले उस्ताद. बाहेरगावच्या पाहुण्याला झांक्या लक्षात राहतात. हा लेख त्या पायी चालणाऱ्यांविषयी आहे. एका रात्रीसाठी वर्षभर घाम गाळणारी, पदरमोड करणारी आणि सकाळी पुन्हा कामावर जाणारी ही पथके टिकतात कशी, हा त्यातला प्रश्न आहे. इंदूरपुरता तो आणखी टोकदार होतो, कारण ज्या गिरण्यांनी ही रात्र जन्माला घातली त्या केव्हाच बंद पडल्या.

गिरण्यांचा गणपती

पलासियातून पाटनीपुऱ्याच्या बाजूने गेले की दोन-अडीच किलोमीटरवर मालवा मिलचा चौक लागतो. मिल नाही, चौकाला नाव आहे. इथून परदेशीपुरा, नंदानगरपर्यंतचा सगळा भाग एकेकाळी भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर झोपे. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याण, राजकुमार आणि भंडारी या इंदूरच्या कापडगिरण्या. कामगार माळवी, उत्तर भारतीय, राजस्थानी, मराठी असे सगळीकडचे. होळकरांच्या राजधानीत गणपती परका नव्हताच. गिरणीच्या आवारात तो बसू लागला आणि दहाव्या दिवशी त्याला वाजतगाजत नेताना प्रत्येक गिरणी आपली कारागिरी दाखवू लागली. हुकुमचंद मिलच्या कामगारांनी १९२४ च्या सुमारास पहिली झांकी काढली असे मानतात. २०२३ मध्ये शहराने या परंपरेचे शंभरावे वर्ष साजरे केले.

झांकी बनवणारे हात गिरणीचेच होते. यंत्रे दुरुस्त करणारा फिटर मूर्तीची मान हलवी, वायरमन दिव्यांच्या माळा पळवी, सुतारखाते सांगाडा उभारी. गिरणीतल्या कसबाची ती वर्षातून एकदाची जाहीर परीक्षा होती. आखाडे वस्त्यांमधले. दिवसपाळीचा कामगार संध्याकाळी लंगोट कसून मातीत उतरे आणि त्याच मातीच्या कडेला लाठी-पट्टा शिके. कोणत्या गिरणीची झांकी पहिली आली आणि कोणत्या उस्तादाचा आखाडा सरस ठरला, यावर पुढचे वर्षभर चहाच्या टपरीवर वाद रंगत. आजही परीक्षक मंडळ बसते, झांक्यांना आणि आखाड्यांना वेगवेगळे क्रमांक मिळतात आणि वाद तितकेच रंगतात.

कामगारांचे हे शहर राजकारणातही तसेच होते. गिरणी कामगारांचे नेते होमी दाजी १९६२ मध्ये इथून लोकसभेवर गेले. मग उतरण लागली. जुनी यंत्रे, यंत्रमागांशी स्पर्धा, थकलेली कर्जे अशी सगळ्या गिरणगावांची जी कहाणी तीच इथलीही. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने गिरणगावाचा कणा मोडला. इंदूरला तसा एक दिवस सांगता येत नाही, एकेक चिमणी विझत गेली. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. तिच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये तेव्हा देण्यात आले. बत्तीस वर्षांत वाट पाहणारे कितीतरी गेले, त्यांचे पैसे वारसांच्या हाती आले.

या बत्तीस वर्षांत मिरवणूक थांबली नाही. ज्याला स्वतःचा थकलेला पगार मिळाला नव्हता, तो कामगार दरवर्षी भाद्रपदात बंद गिरणीच्या फाटकाशी येई आणि झांकीची वर्गणी गोळा करी. प्रत्येक मिलची गणेशोत्सव समिती मिल नसताना जिवंत राहिली. महापालिका आणि विकास प्राधिकरण मदत देऊ लागले, स्वतःच्या झांक्याही काढू लागले. खजराना गणेश मंदिराचीही झांकी निघते. खंड पडला तो करोनामुळे, २०२० आणि २०२१ मध्ये. २०२२ ला पुन्हा सगळे रस्त्यावर.

शिट्टीवाल्याचे काम

मिरवणुकीत दिसते ती वर्षाच्या मेहनतीची वरची साय. आखाड्याची खरी ओळख तालमीच्या संध्याकाळी होते. कोणतेही पथक घ्या, इंदूरचे की कोल्हापूरचे, रचना साधारण सारखीच. एक उस्ताद किंवा वस्ताद, त्याच्या हाताखालचे दोन-तीन तयार गडी, मग पंधरा-वीस रोजचे आणि सण जवळ आला की उगवणारे तितकेच हौशी. या शेवटच्या गटावर सगळ्यांचा राग असतो आणि त्यांच्यावाचून रांग भरत नाही म्हणून तो गिळावा लागतो.

उस्ताद आधी पाय शिकवतो. हातात लाठी यायच्या आत पवित्रा पक्का हवा. पुढचा पाय, मागचा पाय, वजन कुठे, नजर कुठे. मग एकट्याचे हात, मग जोडी, मग रांग. बनेठी म्हणजे दोन्ही टोकांना गोळे असलेली काठी. मिरवणुकीत ते गोळे पेटवून फिरवतात तेव्हा लोक श्वास रोखून पाहतात, पण सरावात त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या असतात आणि पहिले काही महिने त्या शिकणाऱ्याच्याच नडग्यांवर बसतात. तलवार सर्वांत शेवटी हाती येते. ती फिरवणाऱ्यापेक्षा तिच्या फेऱ्यात प्रेक्षक शिरणार नाहीत हे पाहणाऱ्याचे काम कठीण.

उरलेली कामे कोणाला दिसत नाहीत. ढोलाचे पान उतरले तर ते चढवून आणायचे. बॅटरीवर चालणारे दिवे, पाण्याचे जार, मलमपट्टीचा डबा, पोलिसांची परवानगी, गणवेशाचे माप. दहावीच्या पोराला सोडावे म्हणून त्याच्या आईची मनधरणी. रात्री दोन वाजता जवाहर मार्गावर लहान मुले पेंगू लागली की त्यांना उचलून टेम्पोत झोपवायचे. ही कामे करणारा माणूस प्रत्येक पथकात एकच असतो, तो क्वचितच खेळताना दिसतो, आणि तो गेला की दोन वर्षांत पथक मोडते.

लेझीम: मातीतून पटांगणात

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे या सगळ्याचे घरगुती रूप येते ते लेझमीचे. इंदूरच्या मराठी वस्त्यांतही गणपतीत आणि पाडव्याच्या शोभायात्रेत ती खुळखुळतेच. लेझीम मुळात आखाड्याची. कडक लाकडाचे धनुष्य, दोरीच्या जागी लोखंडी साखळी, आणि ते ताणून दंड-खांदे कमावायचे हा जुना व्यायाम इराणच्या तालमींतही होता. त्याच साधनाची हलकी बहीण म्हणजे आजची लेझीम. हातभर दांडा, सैल साखळी आणि तिच्यात ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या. ताकदीचे साधन तालाचे झाले.

तिला कवायतीची शिस्त लावण्यात बडोद्याचा मोठा वाटा. जुम्मादादा व्यायाम मंदिरातल्या प्रोफेसर माणिकरावांनी देशी व्यायामांना सांघिक रूप दिले, हुकूम देशी भाषेत बांधले. ‘चार आवाज’, ‘एक जगह’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’ हे हिंदी हुकूम म्हणूनच साताऱ्या-सोलापूरच्या शाळांत घुमले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यातूनच १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले आणि आखाड्यात तोंडी चालत आलेली विद्या छापून ठेवली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. त्या काळात व्यायाम आणि साहित्य यांच्यात आजच्यासारखी भिंतही नव्हती. १९३५ चे मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले, त्याचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. सूर्यनमस्कारांचा आजन्म प्रचार करणारा, आपल्या संस्थानातल्या शाळांत ते घालायला लावणारा हा राजा.

पुढे राष्ट्र सेवा दलाने लेझीम शाखेत नेली, शाळांनी ती स्नेहसंमेलनात नेली, १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात ती देशाने पाहिली. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत सात हजारांहून अधिक जणांनी एकाच वेळी लेझीम खेळून विश्वविक्रम केला.

या प्रवासात कमाई झाली तशी गळतीही झाली. हलगी-घुमक्यावर चालणारी गावची लेझीम आणि शिट्टीवर चालणारी शाळेची लेझीम शेजारी उभी करा. गावच्या लेझमीत म्होरक्या हलगीवाल्याकडे पाहून चाल बदलतो, हलगीवाला त्याच्या पायांकडे पाहून ठेका चढवतो. पुढचा हात कोणता हे दोघांनाही आधी ठाऊक नसते. शाळेत आठ-सोळा अंक मोजून हात बदलतो. हजारो मुलांना एकदम शिकवायचे तर दुसरा मार्ग नाही, हे खरे. पण कोशाच्या पानावर आली तेवढीच लेझीम आता बहुतेकांना ठाऊक आहे. पानावर न आलेली गावोगावच्या म्हाताऱ्यांबरोबर जाते आहे.

जानेवारी २०२५ मध्ये लेझमीवरून महाराष्ट्रात वाद पेटला. ‘छावा’ चित्रपटाच्या झलकीत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर आक्षेप आले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकले. महाराजांना पडद्यावर कसे दाखवावे हा वेगळा विषय. पण त्या गदारोळात एक गोष्ट जाणवली. लेझीम म्हणजे केवळ नाच, असे बोलणारे सर्रास बोलत होते. ज्या खेळाने पिढ्यांचे दंड कमावले, तो आखाड्याचा आहे हेच लोक विसरले होते.

ऑक्सफर्डजवळचे गवंडी

पलासियापासून थोड्या अंतरावर रेसिडेन्सीचा भाग आहे. मंदसौरच्या १८१८ च्या तहानंतर इंग्रज इथे ठाण मांडून बसले. त्यांच्या देशातही असलाच एक खेळ होता, मॉरिस नाच. गुडघ्याखाली घुंगरांचे पट्टे, हातात रुमाल नाहीतर काठ्या, सहा-सहा गड्यांची रांग. एक विदूषक, कधी कमरेला लाकडी घोडा बांधलेला गडी. आपल्याकडे गोव्यात डिचोली-सत्तरीच्या शिगम्यातल्या घोडेमोडणीत असाच घोडा कमरेला बांधतात. मॉरिसची लंडनमधली नोंद १४४८ इतकी जुनी आहे. सोनारांच्या संघाने नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिल्याची ती नोंद. म्हणजे इतिहासात हा नाच पहिल्यांदा दिसतो तो खर्चाच्या वहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉरिस गावोगाव मोडत चालला होता. यंत्रे आली, शेतमजूर शहरांकडे गेले. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी गावात सेसिल शार्प या संगीत शिक्षकाने मॉरिस पथक पाहिले. नाचाचा हंगाम नव्हता. पण थंडीने बांधकामे बंद, गवंड्यांच्या हाताला काम नाही, म्हणून चार पैशांसाठी ते बाहेर पडले होते. वाद्य वाजवणारा विल्यम किंबर स्वतः गवंडी. शार्पने त्याच्याकडून चाली उतरवून घेतल्या. पुढे गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांना गाठले, हात लिहिले, पाय लिहिले, पुस्तके काढली. आज जगभर मॉरिस खेळला जातो तो मुख्यतः त्या वह्यांच्या जोरावर.

त्या वह्यांनाही किंमत मोजावी लागली. शार्पने तयार केलेल्या प्रात्यक्षिक पथकातले चौघे तरुण १९१६ मध्ये महायुद्धातल्या सोमच्या लढाईत पडले. आणि गवंड्या-मजुरांचा नाच हळूहळू शिक्षक, कारकून, प्राध्यापक यांच्या सुटीचा छंद झाला. त्यांनी तो वाचवला हे खरे, पण मूळची वस्ती त्यातून बरीच बाहेर पडली. बॅम्प्टनसारख्या एखाद्या गावात तेवढा तो घराण्यांतून वाहत राहिला.

इंदूरचे उलटे आहे. वस्ती अजून आखाड्यात आहे. रिक्षावाला, फळवाला, कॉलेजातला मुलगा, कुठल्याशा गोदामात रात्रपाळी करणारा तरुण हेच आजही लाठी फिरवतात. वही मात्र नाही. कोणत्या उस्तादाचे कोणते हात, कोणत्या गिरणीच्या मिरवणुकीत कोणता ठेका, एक आखाडा दुसऱ्यापासून कधी फुटला, हे सगळे फक्त डोक्यांत आहे.

मुली आल्या

गेल्या काही वर्षांत आखाड्यांत ठळक बदल झाला. तलवार आणि बनेठी घेऊन मुली पुढे चालतात, आणि गर्दीची सर्वांत मोठी दाद त्यांनाच मिळते. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत हा बदल आधीच स्थिरावला. इंदूरच्या मराठी मंडळींच्या पथकांतही नऊवारी आणि फेटा घालून ढोल कमरेला बांधलेल्या मुली आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत.

विलायतेत हे सहज झाले नाही. १९०५ च्या सुमारास मेरी नील यांनी लंडनच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींना मॉरिस शिकवला, म्हणजे पुनरुज्जीवनाच्या पहिल्या फळीत गरीब कष्टकरी मुलीच होत्या. पण १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉरिस रिंग’ने दारे पुरुषांपुरतीच ठेवली. बायकांनी १९७५ मध्ये आपला वेगळा महासंघ काढला. रिंगने स्त्रियांना घ्यायचे ठरवले ते २०१८ मध्ये. मधल्या काळात, २००९ च्या सुमारास, याच रिंगच्या धुरीणांनी जाहीर काळजी केली होती की तरुण येत नाहीत, वीस वर्षांत हा नाच संपेल. अर्ध्या गावाला बाहेर ठेवून माणसे कमी पडतात अशी तक्रार करणे शहाणपणाचे नव्हते. इंदूरच्या उस्तादांना हे व्याख्यानावाचून कळले. मुलगे मोबाइलकडे वळले, बहिणी रांगेत उभ्या राहिल्या, रांग भरली.

खर्चाची वही

पथक चालते ते पैशावर. झांकीला अनुदान मिळते, बक्षीस मिळते, वर्तमानपत्रात फोटो येतो. आखाड्याच्या वाट्याला गणवेशाचा, वाद्यांचा, टेम्पोचा खर्च येतो. मग नगरसेवकाकडे जावे लागते, तो देतो आणि शर्टाच्या पाठीवर आपला फोटो छापायला लावतो. लग्नाच्या वरातीत, दुकानाच्या उद्घाटनात वाजवायच्या सुपाऱ्या घेतल्या तर हात मोकळा होतो, पण तालमीच्या संध्याकाळी त्यात जातात. सुपारी घ्यायची की नाही यावरून फुटलेली पथके महाराष्ट्रात गावोगाव सापडतील.

दुसरी टंचाई जागेची. गिरणीच्या आवारात, वस्तीच्या मैदानात जो घेर मिळे तो आता मिळत नाही. पलासियासारख्या भागात तर मोकळ्या चौरसाची किंमत ऐकूनच लाठी खाली ठेवावी. हुकुमचंद मिलच्या चाळीस एकरांहून अधिक जमिनीवर आता काय उभे राहावे आणि तिथली झाडे वाचावीत की नाही, यावर शहरात वाद आहे. त्या आराखड्यांच्या चर्चेत दुकाने येतात, घरे येतात. ज्या कामगारांनी त्या फाटकाची शोभा शंभर वर्षे राखली, त्यांच्या आखाड्यासाठी तिथे एक मैदान असावे ही मागणी अवाजवी नाही.

तिसरा प्रश्न आवाजाचा. पुण्यात ढोल-ताशा पथकात तीसच वादक असावेत असा आदेश हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. पथकांनी त्यात विजय मानला. पण दवाखान्यासमोर ढोल थांबवणारे पथक आणि न थांबवणारे पथक यांतला फरक लोक ओळखतात, आणि वर्गणी मागायला गेल्यावर तो लक्षातही ठेवतात.

आता काय करावे

इंग्रजांकडे वही राहिली आणि माणसे बदलली. आपल्याकडे माणसे आहेत आणि वही नाही. लेझमीची वही बडोद्याने केली, पण ती एका साच्याची. इंदूरच्या आखाड्यांची वही कोणीच केलेली नाही. मिल बंद झाली तेव्हा जो कामगार तिशीत होता तो आज पासष्टीच्या घरात आहे. ज्यांनी त्याला शिकवले ते उस्ताद बहुतेक गेले. हे काम अजून दहा वर्षे लांबवले तर विचारायला कोणी उरणार नाही.

त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने झाली, इथे मराठी वाचनालये आहेत, सभा आहेत, नाट्यवेडी माणसे आहेत. त्यांतल्या चार तरुणांनी चार उस्तादांकडे बसावे, खिशातल्या फोनवर त्यांचे हात-पाय चित्रित करावेत, कोणाकडून शिकलात, कोणत्या गिरणीत होतात, कोणत्या साली कोणत्या चौकात काय घडले हे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. महाराष्ट्रात हलगीवर खेळणाऱ्या गावच्या लेझमीसाठी हेच करायला हवे, आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी वर्षातून एकदा तरी त्या गावच्या म्होरक्याला पटांगणात बोलवायला हवे.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या अनंत चतुर्दशीला इंदुरात असाल तर झांक्या जरूर पाहा. पण जमले तर महिनाभर आधी या, संध्याकाळी एखाद्या आखाड्याच्या कडेला उभे राहा आणि वर्गणीची पावती फाडून घ्या. मिरवणुकीच्या रात्री टाळ्या वाजवायला लाखभर लोक असतात, तालमीला मात्र कोणी फिरकत नाही. पथक टिकते ते तालमीवर.